होमी सिरवई : सतरा वर्षे राज्याचे महाधिवक्ता, आणि पुढे स्वतःच्याच युक्तिवादाचे परीक्षक

ओव्हलसमोर (धागाकर्ता)

राज्याच्या महाधिवक्त्याचे नाव वर्तमानपत्रात सहसा दोनदाच येते, नेमणूक झाली की आणि राजीनामा दिला की. मधल्या काळात तो माणूस काय करतो, मंत्रालयातून आलेल्या कोणत्या फायलीवर 'हे कायद्यात बसत नाही' असे लिहून देतो, सरकारचा कोणता निर्णय पदरात घेऊन उच्च न्यायालयात उभा राहतो, हे वकिलांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. होर्मसजी माणेकजी सिरवई हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना भारतीय राज्यघटनेवरच्या त्यांच्या तीन जाड खंडांमुळे माहीत असते. पण ते खंड लिहिणारा माणूस १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे, आधी मुंबई राज्याचा आणि नंतर महाराष्ट्राचा, महाधिवक्ता होता, ही गोष्ट मागे पडते. त्यांचे लेखन नीट समजून घ्यायचे तर ही सतरा वर्षे समजून घ्यावी लागतात, असे माझे मत आहे, आणि म्हणून हा धागा काढत आहे.

सिरवईंचा जन्म ५ डिसेंबर १९०६ रोजी मुंबईत, पारशी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी तत्त्वज्ञान घेऊन पदवी मिळवली, गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९३२ मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करू लागले. सर जमशेदजी कांगा यांच्या चेंबरमध्ये त्यांची घडण झाली. त्याच चेंबरमधून पुढे नानी पालखीवाला, फली नरिमन, सोली सोराबजी ही मंडळी आली, हे येथे नमूद करून ठेवतो, कारण पालखीवालांचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. तत्त्वज्ञानाचा अभ्यास त्यांच्या पद्धतीत शेवटपर्यंत दिसतो. एखाद्या निकालाशी त्यांचे पटले नाही, तर 'हा निकाल चुकला' एवढे म्हणून ते पुढे जात नाहीत. न्यायाधीशांनी कोणते गृहीतक धरले, ते कोठे निसटले, त्यातून पुढची वाक्ये कशी चुकत गेली, हे ते एकेक पायरी उतरून दाखवतात.

ते महाधिवक्ता झाले तेव्हाचे राज्य आजच्या महाराष्ट्राहून खूपच मोठे होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये अस्तित्वात आलेल्या द्वैभाषिक मुंबई राज्यात मराठवाडा होता, विदर्भ होता, गुजरात होते आणि सौराष्ट्र-कच्छही होते. मराठवाड्यात हैदराबादचे कायदे, विदर्भात मध्य प्रांताचे, सौराष्ट्रात तिथले, अशी एकाच राज्यात निरनिराळ्या कायद्यांची सरमिसळ होती, आणि जमिनीपासून दारूबंदीपर्यंत कोणताही प्रश्न न्यायालयात गेला की राज्याची बाजू मांडण्याची अंतिम जबाबदारी या एका माणसावर होती. मुख्यमंत्रिपदी तेव्हा यशवंतराव चव्हाण होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र वेगळा झाला, चव्हाणांनंतर मारोतराव कन्नमवार आले, त्यांच्या निधनानंतर वसंतराव नाईक आले आणि दीर्घकाळ राहिले. श्रीप्रकाशांपासून अली यावर जंग यांच्यापर्यंत राज्यपाल बदलत गेले. सिरवई मात्र त्या खुर्चीत कायम राहिले.

मला येथे मुख्यतः एकच गोष्ट मांडायची आहे. संसदेला घटनेत हवी ती दुरुस्ती करता येते, तिच्यावर कोणतीही अध्याहृत मर्यादा नाही, ही भूमिका देशातल्या सर्वांत मोठ्या घटनापीठापुढे, १९७३ मध्ये निकाल लागलेल्या केशवानंद भारती प्रकरणात, ज्यांनी सर्वांत समर्थपणे मांडली, त्यांत सिरवई अग्रभागी होते. आणि पुढे, पदावरून उतरल्यावर, आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत त्यांनी लिहिले की आपली ती भूमिका चुकीची होती आणि आपल्याविरुद्ध लागलेला बहुमताचा निकाल बरोबर होता. वकिलाच्या आयुष्यात अशी गोष्ट किती दुर्मीळ असते, हे वकिली करणाऱ्यांना सांगायला नको. जाणकारांनी भर घालावी, चुकत असेल तेथे दुरुस्त करावे.

पहिले_वर्ष

माझा प्रश्न प्राथमिक आहे, त्याबद्दल क्षमस्व. महान्यायवादी आणि महाधिवक्ता यांत नेमका फरक काय? आणि महाधिवक्ता हा सरकारी वकिलांचा प्रमुख, एवढाच त्याचा अर्थ आहे का?

ओव्हलसमोर

क्षमा मागण्यासारखे त्यात काहीच नाही; हा फरक कळल्याशिवाय पुढची चर्चा अधांतरी राहील.

महान्यायवादी हा केंद्र सरकारचा सर्वोच्च विधी अधिकारी, घटनेच्या अनुच्छेद ७६ खाली नेमलेला. महाधिवक्ता हा राज्याचा, अनुच्छेद १६५ खाली नेमलेला. कोर्टात दोघांनाही 'एजी'च म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेल्या व्यक्तीची राज्यपाल या पदावर नेमणूक करतात. त्याला ठरावीक मुदत नसते. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो पदावर राहतो, आणि व्यवहारात ही मर्जी म्हणजे मंत्रिमंडळाचा विश्वास. अनुच्छेद १७७ प्रमाणे त्याला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बोलता येते, कामकाजात भाग घेता येतो, पण मत देता येत नाही. ही तरतूद मला नेहमी अर्थपूर्ण वाटते, कारण या पदाचे स्वरूप तिच्यात नेमके उतरले आहे. सल्ला देण्यापुरता तो सरकारच्या आत असतो, पण निर्णयात त्याला मत नसते.

म्हणून तो केवळ सरकारी वकिलांचा प्रमुख नाही. सरकारी वकील खटला चालवतो. महाधिवक्ता 'हा खटला चालवण्याजोगा आहे का', 'हा कायदा टिकेल का' हेही सांगतो. ज्या पदाला एका दिवसाचीही शाश्वती नाही, ते सतरा वर्षे सांभाळणे हे म्हणूनच लक्षात घेण्यासारखे आहे. महाराष्ट्रात त्या काळात एकाच पक्षाची सत्ता होती हे त्याचे एक कारण नक्कीच आहे. पण मुख्यमंत्री बदलले, प्रत्येकाच्या मर्जीतली माणसे निराळी होती, तरी महाधिवक्ता तोच राहिला, याचे श्रेय त्यांच्या विद्वत्तेला द्यावे लागते. याच पदावर सिरवईंच्या आधी मोतीलाल सेटलवाड आणि सी. के. दफ्तरी यांच्यासारखी माणसे बसून गेली होती आणि ते दोघेही पुढे देशाचे महान्यायवादी झाले. मुंबईच्या महाधिवक्त्याकडून वकीलवर्गाची अपेक्षा काय असे, याची यावरून कल्पना येईल.

निवृत्त_शिरस्तेदार

आमच्या पिढीला तो काळ आठवतो तो नौदलाचे कमांडर नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यामुळे. बहुतेकांच्या लक्षात खून, ज्युरी आणि वर्तमानपत्रांतला गदारोळ एवढेच राहिले आहे. घटनेच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग त्यानंतरचा आहे, आणि राज्याच्या महाधिवक्त्यापुढे कसले प्रसंग येतात हे त्यातून चांगले कळते.

ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा मताने कमांडर नानावटींना निर्दोष ठरवले होते. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य नव्हता, म्हणून त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. ११ मार्च १९६० रोजी उच्च न्यायालयाने जन्मठेपेची शिक्षा दिली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी हुकूम काढला की सर्वोच्च न्यायालयात अपिलाचा निकाल लागेपर्यंत ही शिक्षा स्थगित राहील आणि नानावटी नौदलाच्या ताब्यात राहतील. न्यायालयाने शिक्षा द्यायची आणि शाई वाळण्यापूर्वी राज्यपालांनी ती थांबवायची, हा प्रकार उच्च न्यायालयाच्या जिव्हारी लागला. पाच न्यायाधीशांचे विशेष पीठ बसले, आणि राज्यपालांच्या हुकमाचे समर्थन करण्याचे काम राज्याकडे, म्हणजे महाधिवक्त्याच्या कार्यालयाकडे आले. उच्च न्यायालयाने राज्यपालांना तो अधिकार असल्याचे मान्य केले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने मात्र बहुमताने सांगितले की अपील आमच्यापुढे प्रलंबित असताना राज्यपालांना शिक्षा अशी स्थगित करता येणार नाही.

हुकूम काढला राजभवनाने, त्यामागची इच्छा वेगळ्याच ठिकाणची, आणि उत्तर देण्याची वेळ येते ती महाधिवक्त्यावर. ज्या न्यायाधीशांपुढे रोज उभे राहायचे, त्यांच्याच शिक्षेला स्थगिती देणाऱ्या हुकमाची बाजू लावून धरायची, ही अवघड जागा असते. मी आयुष्यभर कोर्टाच्या कारकुनीत काढले. एका लहानशा प्रकरणात, नावे घेत नाही, सरकारी वकील न्यायाधीशांपुढे मान खाली घालून म्हणाले होते, 'मला सूचना अशाच आहेत.' त्या चार शब्दांचे ओझे मी जवळून पाहिले आहे.

गॅलरीतून

मी विधिमंडळाच्या कामकाजाचा जुना अभ्यासक आहे. मूळ लेखात एक प्रकरण राहून गेले आहे. सिरवई महाधिवक्ता म्हणून महाराष्ट्राचे असले तरी देशभरातील विधिमंडळांना आपले प्रश्न न्यायालयात न्यायचे झाले की त्यांची आठवण होई. १९६४ च्या केशव सिंग प्रकरणात उत्तर प्रदेश विधानसभेची बाजू सर्वोच्च न्यायालयात त्यांनी मांडली.

प्रकरण असे होते. गोरखपूरच्या केशव सिंग यांना सभागृहाचा अवमान केल्याबद्दल विधानसभेने सात दिवसांच्या तुरुंगवासाची शिक्षा दिली. त्यांच्या वतीने वकिलांनी लखनौ पीठाकडे अर्ज केला आणि दोन न्यायाधीशांनी त्यांना जामीन दिला. विधानसभेने यावर जो ठराव केला तो आजही वाचताना धक्का बसतो : जामीन देणारे दोन्ही न्यायाधीश आणि अर्ज करणारे वकील यांनी सभागृहाचा अवमान केला आहे, सबब त्यांना ताब्यात घेऊन सभागृहापुढे हजर करावे. न्यायाधीश अलाहाबादला धावले. उच्च न्यायालयाचे अठ्ठावीस न्यायाधीश एकत्र बसले आणि त्यांनी त्या ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. शेवटी राष्ट्रपतींनी अनुच्छेद १४३ खाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवले.

सात न्यायाधीशांच्या पीठाचे नेतृत्व सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर करीत होते, म्हणजे आपले साताऱ्याचे. न्यायाधीशांच्या बाजूने सेटलवाड आणि विधानसभेच्या बाजूने सिरवई उभे होते. सिरवईंनी सुरुवातीलाच स्पष्ट केले की सभागृह येथे हजर राहिले याचा अर्थ आपल्या विशेषाधिकारांच्या क्षेत्रात त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केला असा धरू नये. ३० सप्टेंबर १९६४ रोजी सहा विरुद्ध एक असे मत आले आणि विधानसभेची बाजू पडली.

मला यात धागाकर्त्यांच्या मुद्द्याला दुजोरा दिसतो. निर्वाचित सभागृहाच्या अधिकारात न्यायालयाने हात घालू नये, ही सिरवईंची धारणा केशवानंद प्रकरणाच्या कितीतरी आधीपासून दिसते.

ओव्हलसमोर

गॅलरीतून, आपला आभारी आहे. हा दुवा मी मूळ लेखातच द्यायला हवा होता. आता केशवानंद प्रकरणाकडे वळतो.

१९६७ मध्ये गोलकनाथ प्रकरणात अकरा न्यायाधीशांपैकी सहा जणांनी सांगितले की मूलभूत हक्क कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. त्याच वर्षी सिरवईंच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली. गोलकनाथचा निकाल त्यांना मुळीच मान्य नव्हता. हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण पुढे केशवानंदमध्ये त्यांनी जे मांडले ते केवळ अशिलाने सांगितले म्हणून मांडलेले नव्हते. तो त्यांचा अभ्यासान्ती बनलेला विश्वास होता.

गोलकनाथचा परिणाम पुसण्यासाठी संसदेने चोविसावी घटनादुरुस्ती केली, पाठोपाठ पंचविसावी आणि एकोणतिसावी केली. एकोणतिसाव्या दुरुस्तीने केरळचे जमीन सुधारणा कायदे नवव्या परिशिष्टात, म्हणजे मूलभूत हक्कांच्या आधारे होणाऱ्या आव्हानापासून संरक्षण दिलेल्या कायद्यांच्या यादीत, घातले. कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे प्रमुख केशवानंद भारती यांनी केरळच्या त्या कायद्याला आव्हान दिले होते, आणि त्यांच्या याचिकेत आता या सर्व दुरुस्त्यांचा प्रश्न आला. तेरा न्यायाधीशांचे पीठ बसले. त्याहून मोठे पीठ सर्वोच्च न्यायालयात त्याआधी बसले नव्हते आणि नंतरही बसलेले नाही. ३१ ऑक्टोबर १९७२ पासून २३ मार्च १९७३ पर्यंत अडुसष्ट दिवस सुनावणी चालली. याचिकाकर्त्यांच्या बाजूने पालखीवाला होते. केंद्राकडून महान्यायवादी निरेन डे होते. केरळ राज्याने आपली बाजू मांडण्यासाठी महाराष्ट्राच्या महाधिवक्त्याला पाचारण केले होते.

बावन्न वर्षांचे पालखीवाला आणि सहासष्ट वर्षांचे सिरवई, दोघेही मुंबईचे, दोघेही पारशी, दोघेही कांगांच्या चेंबरचे, दिल्लीच्या त्या कोर्टात देशाच्या घटनेचे भवितव्य घेऊन समोरासमोर उभे होते. सिरवईंचे सहायक म्हणून तेहमतन अंध्यारुजिना होते. तेही पुढे महाराष्ट्राचे महाधिवक्ता झाले.

सिरवईंच्या म्हणण्याचा गाभा मी माझ्या शब्दांत देतो. अनुच्छेद ३६८ मधला दुरुस्तीचा अधिकार हा घटना घडवण्याच्याच जातीचा अधिकार आहे. साधा कायदा घटनेला बांधलेला असतो. घटनादुरुस्ती स्वतःच घटना होते. घटनाकारांना काही भाग कायमचा गोठवून ठेवायचा असता तर त्यांनी तसे शब्द घातले असते; त्यांनी ते घातले नाहीत, तेव्हा न्यायालयाने ते ओळींच्या मधून शोधून काढू नयेत. उद्या संसदेने या अधिकाराचा गैरवापर केला तर काय, या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे की गैरवापर होऊ शकतो म्हणून अधिकारच नाही असे ठरत नाही; गैरवापराला आवर घालण्याची जागा मतपेटी आहे. या भूमिकेला जमिनीचा संदर्भ होता हेही विसरता येत नाही. कुळकायदा, कमाल जमीनधारणा, असे कायदे मालमत्तेच्या हक्काच्या नावाखाली अडवले जात होते, आणि अशा कायद्यांची बाजू न्यायालयात राखणे हे महाराष्ट्राच्या महाधिवक्त्याचेही काम होते.

२४ एप्रिल १९७३ रोजी, सरन्यायाधीश सिक्री निवृत्त होण्याच्या आदल्या दिवशी, निकाल लागला. सात विरुद्ध सहा. संसद घटनेच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट तिला मोडता येणार नाही. गोलकनाथ रद्द झाला, चोविसावी दुरुस्ती टिकली, केरळचे कायदे नवव्या परिशिष्टात राहिले, म्हणजे सिरवईंच्या अशिलाचे बरेचसे काम झाले. हरला तो सिरवईंचा सिद्धान्त. आणि ज्या सहा न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूचे मत दिले त्यांत दोन नावे आपल्या ओळखीची आहेत : न्या. देविदास गणपत पालेकर आणि न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड. दुसऱ्याच दिवशी न्या. शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर या तिघांना डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले. तिघेही बहुमतातले होते. राय अल्पमतातले होते.

तळटीप

धागा उत्तम चालला आहे, पण मला दोन बाबतींत असहमती नोंदवायची आहे.

पहिली गोष्ट, वकील बाजू बदलतो यात नवल ते काय? वकीलपत्र असेपर्यंत एक भूमिका, ते संपल्यावर दुसरी, हे आपण नेहमीच पाहतो. सिरवई पदावर असेपर्यंत सरकारच्या बाजूचे बोलले आणि पद गेल्यावर सरकारविरुद्ध लिहू लागले, असेही कोणी म्हणू शकेल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. माझ्या मते त्यांचा मूळ युक्तिवादच बरोबर होता. 'मूलभूत चौकट' हे शब्द घटनेत कोठेही नाहीत. चौकटीत काय बसते याची यादी तेरा न्यायाधीशांनाही एकमताने करता आली नाही. निवडून न आलेल्या माणसांनी निवडून आलेल्यांच्या घटनादुरुस्त्या कोणत्या मापाने मोजायच्या, हा १९७३ चा प्रश्न आजही सुटलेला नाही. सिरवईंनी स्वतः उभा केलेला हा आक्षेप पुढे त्यांनी मागे घेतला म्हणून तो खोटा ठरत नाही.

ओव्हलसमोर

तळटीप, आपल्या दुसऱ्या मुद्द्याबद्दल मला आदर आहे आणि त्यावर मी आपल्याला पटवू शकेन अशी माझी समजूत नाही. पहिल्या मुद्द्याचे मात्र उत्तर देतो, कारण तेथे त्या माणसावर अन्याय होतो आहे.

सिरवई जर पदासाठी बोलत असते, तर गोलकनाथवर त्यांनी ग्रंथात टीका करण्याचे कारण नव्हते; ग्रंथ लिहायला त्यांना कोणत्याही अशिलाने सांगितले नव्हते. आणि पद सोडल्याबरोबर त्यांचे मत बदलले असेही झाले नाही. बदलले ते १९७५ नंतरच्या घटनांनी, आणि त्या घटना तारखांसकट पाहिल्या पाहिजेत.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. २५ जूनला आणीबाणी आली. सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सुनावणी ११ ऑगस्टला व्हायची होती. ७ ऑगस्टला लोकसभेने एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती मंजूर केली, ८ तारखेला राज्यसभेने, ९ तारखेला, शनिवारी, राज्यांच्या विधानसभांची खास अधिवेशने भरवून संमती घेण्यात आली आणि १० तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद कोणत्याही न्यायालयापुढे चालणार नाही, आणि आधीचा निकालही रद्द समजावा, असे त्या दुरुस्तीने म्हटले होते. चार दिवसांत देशाची घटना एका खटल्याच्या निकालासाठी वाकवली गेली, आणि तीही अनुच्छेद ३६८ मधली प्रक्रिया अक्षरशः पाळून.

आता सिरवईंच्या १९७३ च्या उत्तराशी हे ताडून पाहा. गैरवापराला आवर घालण्याची जागा मतपेटी, असे ते म्हणाले होते. येथे घाला मतपेटीवरच आला. निवडणूक वैध झाली की नाही हे विचारण्याचीच सोय काढून घेतल्यावर मतदाराकडे कोणता उपाय उरतो? ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतले ते कलम मूलभूत चौकटीच्या आधारे रद्द केले, आणि ते करणाऱ्यांत न्या. मॅथ्यू आणि न्या. चंद्रचूड होते, जे केशवानंदमध्ये अल्पमतात, म्हणजे सिरवईंच्या बाजूला होते.

सिरवईंना या अनुभवानंतर गप्प राहता आले असते. जुन्या निकालाविषयी मोघम लिहून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी ग्रंथाच्या पुढच्या आवृत्तीत तो सगळा वाद पुन्हा मांडला, बहुमत आणि अल्पमत नव्याने तपासले आणि बहुमत बरोबर होते असा निष्कर्ष दिला. दुसऱ्यांच्या निकालपत्रांना ते ज्या काटेकोरपणे तपासत, तोच काटेकोरपणा त्यांनी स्वतःच्या बाजूलाही लावला. हे वकीलपत्र संपल्यामुळे होत नाही. त्यासाठी चुकलो असे छापून सांगण्याची तयारी लागते, आणि तीही ज्या ग्रंथाच्या अधिकारावर न्यायालये विसंबतात त्याच ग्रंथात.

गॅलरीतून

यात एका गोष्टीची भर. २८ एप्रिल १९७६ च्या स्थानबद्धांच्या निकालात, म्हणजे ज्याला आपण जबलपूर प्रकरण म्हणतो, चार न्यायाधीशांनी सांगितले की आणीबाणीत व्यक्तिस्वातंत्र्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. एकट्या न्या. हंसराज खन्ना यांनी वेगळे मत दिले, आणि पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलल्यावर राजीनामा दिला. बहुमतात न्या. चंद्रचूड होते आणि न्या. भगवतीही होते. सिरवईंनी १९७८ मध्ये या निकालावर स्वतंत्र पुस्तक लिहिले आणि त्यात चौघांच्या निकालपत्रांची जी चिकित्सा केली ती अत्यंत कठोर आहे. ज्या न्यायाधीशांनी १९७३ मध्ये त्यांच्या बाजूचे मत दिले होते, त्यांच्यावरही त्यांनी लेखणी आखडती घेतली नाही. चार दशकांनी, २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाच्या हक्काच्या प्रकरणात जबलपूरचा निकाल रद्द ठरवला आणि तो परिच्छेद लिहिणारे न्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते, न्या. यशवंत चंद्रचूड यांचे चिरंजीव.

१९८१ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, सिरवई न्यायाधीशांच्या बदल्यांच्या प्रकरणात मुंबईच्या वकिलांच्या बाजूने पुन्हा सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. आता समोर केंद्र सरकार होते. आयुष्यभर सरकारची बाजू मांडलेल्या माणसाला सरकार कोठून कसे बोलते हे आतून माहीत असते, आणि त्या ज्ञानाचा उपयोग त्यांनी न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्यासाठी केला, असे मला वाटते.

तळटीप

धागाकर्त्यांनी दिलेला तारखांचा क्रम मी मान्य करतो आणि माझे पहिले विधान मागे घेतो. चार दिवसांत झालेली घटनादुरुस्ती हा माझ्याही भूमिकेला अवघड जाणारा दाखला आहे. दुसऱ्या मुद्द्यावर मी ठाम आहे. किंबहुना सिरवईंनीच तो पहिल्यांदा इतक्या ताकदीने मांडला असल्यामुळे, त्याचे उत्तरही त्यांच्याच लेखनात शोधायला हवे हे मला आता जाणवते.

निवृत्त_शिरस्तेदार

एक लहानशी गोष्ट. १९७२ मध्ये, म्हणजे पदावर असतानाच, त्यांना पद्मविभूषण मिळाले. एवढ्या मोठ्या सन्मानानंतर एखाद्याने हातातले काम सैल सोडले असते. त्यांनी ग्रंथाची दुसरी, तिसरी, चौथी आवृत्ती काढली, आणि प्रत्येक वेळी नव्या निकालांचे तुकडे जोडण्याऐवजी जुने विवेचन पुन्हा लिहिले. चौथ्या आवृत्तीचा तिसरा खंड १९९६ साली आला. त्याच वर्षी जानेवारीत ते वारले.

पहिले_वर्ष

सर्वांचे मनापासून आभार. आमच्या वर्गात केशवानंद म्हटले की पालखीवाला, एवढेच सांगितले जाते. समोर कोण होते हे मला या धाग्यावर प्रथमच कळले. ग्रंथ वाचायचा असेल तर सुरुवात कोठून करावी? महाविद्यालयाच्या ग्रंथालयात तीनही खंड आहेत, पण ते उघडल्यावर छाती दडपते.

ओव्हलसमोर

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. संदर्भग्रंथ तसा वाचून होत नाही.

मी विद्यार्थी असताना ग्रंथालयातल्या एका वयस्कर ग्रंथपालांनी मला जे सांगितले तेच आपल्याला सांगतो. प्रिन्सेस स्ट्रीटच्या एन. एम. त्रिपाठी यांनी छापलेली १९६७ ची पहिली आवृत्ती जुन्या ग्रंथालयांत अजून सापडते. एकच खंड आहे, कापडी बांधणीचा, आमच्याकडच्या प्रतीची पाने कडांना तपकिरी पडली होती. ती एका बाजूला ठेवा. दुसऱ्या बाजूला चौथी आवृत्ती ठेवा. दोन्हींत घटनादुरुस्तीचे, म्हणजे अनुच्छेद ३६८ चे प्रकरण काढा आणि एक-एक परिच्छेद समोरासमोर वाचा. त्याआधी केशवानंद निकालातून न्या. खन्ना आणि न्या. चंद्रचूड यांची निकालपत्रे वाचलेली असू द्या, पूर्ण नाही जमली तर निदान शेवटचे निष्कर्ष.

आम्हा दोघा मित्रांना या कामाला तीन आठवडे लागले होते, रोज संध्याकाळी दोन तास. जेथे अडेल तो परिच्छेद येथे टाका, आपण सगळे मिळून पाहू. तळटीप यांनीही वाचायला घेतले तर अधिक बरे, कारण त्यांचा आक्षेप सिरवईंच्या पहिल्या आवृत्तीतल्या आक्षेपाच्या फार जवळचा आहे आणि त्याला चौथ्या आवृत्तीत काय उत्तर मिळते हे त्यांच्याकडून ऐकायला मला आवडेल.